माळावर लावलेले वडील

वडील गेले तेव्हा त्यांची राख मी नदीत सोडू दिली नाही. मी शाळामास्तर, झाडं लावण्यावर भाषणं ठोकायची हौस. गावाबाहेरच्या उजाड माळावर खड्डा घेतला, त्यात राख टाकली आणि वर गिरिपुष्पाचं रोप लावलं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, पाण्यावाचून जगतं, एवढं बघून निवडलेलं. गावाला हे इतकं पटलं, की कुणाकडं मयत झालं की सावडायच्या दिवशी मला बोलावणं ठरलेलं. चार-पाच वर्षांत माळ हिरवा झाला. माझी कॉलर ताठ.

परवा भिगवणला पक्षी बघायला आलेल्या एक बाई आमच्या माळावर आल्या. मी मिरवत सगळी झाडं दाखवली. सगळं बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, इथं माळढोक यायचा का हो कधी?"

"यायचा तर. वडिलांनी मेंढरं राखताना पाहिलाय, याच जागी."

"मग आता तो कुठं उतरणार?"

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की असे पक्षी उघड्या गवतात जमिनीवरच अंडी घालतात, दाट झाडीत थांबत नाहीत. हे झाड परदेशातलं, त्याच्याखाली गवत धरत नाही. मी खाली बघितलं. खरंच, काडी नव्हती. ज्याला मी उजाड म्हणत होतो ते कुणाचं तरी नांदतं घर होतं, आणि मी ते वडिलांच्या नावानं मोडलं होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, रडेल.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "तितं आता चंडूलबी बोलत न्हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू शिकलेला. तुला आमी काय सांगायचं?"

असली चपराक मला आयुष्यात बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनंच कुदळ काढली. वडिलांचं झाड आम्ही दोघांनी मुळासकट खणून काढलं.

माती सारखी करून ती म्हणाली, "आपलं झालं. आता बाकीच्यांच्या घरी तूच जायचं."

शेजारचं झाड माझ्याच वर्गातल्या एका मुलीचं होतं. ते लावताना तिच्या आईला मीच म्हणालो होतो, "रडू नका, ती आता इथं वाढेल."