लिफ्टवाले आणि न बोलणाऱ्या बहिणी

लिफ्टवाल्यांच्या जिभेला हाड नाही, हे त्यांच्या बायकोचं मत. ती म्हणायची, "हे झोपेतसुद्धा बोलतात, आणि मी 'हूं' म्हटलं नाही तर रागावतात." गावोगावी लिफ्ट बसवत फिरणारा हा माणूस. काही महिने एका ठिकाणी राहायचं, लिफ्ट चालू करून द्यायची आणि हत्यारांची पेटी उचलायची. खोलीत एकट्याने गप्प बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच. आणि या गावात रुग्णालयाचं काम लागलं, तेव्हा खोली मिळाली ती नेमकी एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणींच्या घरात. नशीबसुद्धा काय फिरकी घेतं बघा.

बहिणी दोघीही साठीच्या पुढच्या, दोघीही बिनलग्नाच्या. मोठ्या मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या, धाकट्या मावशी घरीच शिवणकाम करणाऱ्या. एक स्वयंपाकघर, एक जेवणाचं टेबल, आणि अबोला. कारण काय, तर सायकल. धाकट्या मावशींची लाडकी सायकल मोठ्या मावशींनी न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली. झालं! तेव्हापासून जे काय बोलायचं ते भाडेकरूमार्फत. आधीची भाडेकरू नर्स होती, ती म्हणे याच वैतागाने खोली सोडून गेली. लिफ्टवाले मात्र खुलले.

"तिला सांगा, दूध उतू चाललंय," मोठ्या मावशी पेपरामागून म्हणायच्या. धाकट्या मावशी गॅसपाशीच उभ्या असायच्या.

"मावशी, दुधाकडे बघता का जरा?" लिफ्टवाले म्हणायचे.

"तिला सांगा, मला डोळे आहेत."

"बघतायत म्हणाल्या."

असे कितीतरी निरोप लिफ्टवाल्यांनी वाटेत घासून गुळगुळीत करून दिले. मूळ वाक्य दोघींनाही स्वच्छ ऐकू आलेलं असायचं, पण मान डोलवायच्या त्या लिफ्टवाल्यांच्या वाक्याला.

काम संपत आलं, तशी घरी जायच्या आनंदात लिफ्टवाल्यांना एक काळजी लागली. पुढचा भाडेकरू ठरलेला नव्हता. आपण गेल्यावर या दोघी काय करणार? एखादी आजारी पडली तर दुसरीला सांगणार कोण? एका सकाळी त्यांनी मोठ्या मावशींना विनवून पाहिलं, "एकदा बोलून टाका की." उत्तर आलं, "तिला सांगा, आधी तिने बोलावं." धाकट्या मावशींकडून हुबेहूब तेच. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. लिफ्टवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी लिफ्टची एकच चाचणी उरली होती. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायची, आतल्या माणसाने इंटरकॉमचं बटण दाबून बोलायचं आणि वरच्या मशीनरूममधून फिटरने, म्हणजे लिफ्टवाल्यांनी, उत्तर द्यायचं. लिफ्टवाले दोघी मावशींना म्हणाले, "पहिल्यांदा चढायचा मान तुमचा." एकटीला मान मिळायला नको म्हणून दोघीही आल्या. "मध्येच थोडा वेळ थांबेल हं, घाबरू नका," असं बजावून लिफ्टवाले वर गेले. मनात डाव वगैरे शपथेला नव्हता. असता तर त्यांच्या पोटात राहिला असता थोडाच?

लिफ्ट थांबली. इंटरकॉम खरखरला.

"लिफ्टवाले," मोठ्या मावशींचा आवाज आला, "ती घामाघूम झालीय. लहानपणी कपाटात अडकली होती, तेव्हापासून बंद जागेत घाबरते. तिला सांगा, डोळे मिटून घे."

हातभर अंतरावर उभ्या बहिणीला द्यायचा निरोप आधी मशीनरूममध्ये! लिफ्टवाल्यांनी 'मावशी' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण सांगितलं, तर या दोघी जन्मभर कुणालातरी सांगतच राहतील. लिफ्ट चालू करायच्या बटणावर त्यांनी एक बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचं फडकं तोंडावर दाबून धरलं.

"ऐकताय ना? तिला सांगा, मी आहे इथे."

लिफ्टवाले गप्प. केवढे हाल झाले असतील त्या माणसाचे!

"अहो..." आणि मग आवाज एकदम वेगळा झाला. "मी आहे ना गं. इकडे ये. धर हात."

मग धाकट्या मावशी म्हणाल्या, "सायकल का दिलीस?"

"तू पडलीस, डोक्याला टाके पडले. पुन्हा पडशील म्हणून माझा जीव जात होता."

"मग तेव्हा सांगायचं ना."

"ऐकलं असतंस?"

"नसतं," धाकट्या मावशी म्हणाल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या.

लिफ्टवाल्यांनी बटण दाबलं. त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते, ते त्याच फडक्याने पुसले आणि तोंडाला वंगण फासून घेतलं. ते धावत खाली आले, दार उघडलं, तेव्हा दोघी हातात हात घालून उभ्या होत्या, आणि दोघींनी मिळून त्यांची जी हजेरी घेतली, ती अख्ख्या रुग्णालयाने ऐकली. त्यांच्या आवाजापुढे लिफ्टवाल्यांची मात्रा चालली नाही. त्यांनी मान खाली घालून, मनातल्या मनात नाचत, सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी दोघी त्यांना सोडायला एस्टी स्टँडवर आल्या. डबा दिला, "पोचल्यावर फोन करा" म्हणाल्या. तेवढ्यात विषय निघाला धाकट्या मावशींसाठी घ्यायच्या तीनचाकी सायकलचा. मोठ्या मावशींचं म्हणणं, घंटा मोठी हवी. धाकट्या म्हणाल्या, घंटा कशाला, मी ओरडेन की. गाडी सुटली. लिफ्टवाल्यांनी खिडकीतून हात हलवला, हाक मारली, पुन्हा हात हलवला. दोघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही.

"सोडायला कुणी आलं नाही वाटतं?" शेजारच्या प्रवाशाने विचारलं.

"आल्यात की," लिफ्टवाले म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "त्या बघा तिकडे. बोलतायत."