बाईसाहेबांची दोन सीटांची गाडी

मला खोटं बोलणं जमत नाही. यात मोठेपणा काही नाही; बोलायला गेलो की कान लाल होतात आणि समोरच्याला लगेच कळतं. रागाचंही तसंच. राग आला की तो पोटात राहत नाही, बाहेर येऊन मोकळा होतो. असा मी माणूस, पण एकदा एका मोटारीबद्दल सलग पाच दिवस खोटं बोललो. तेही ज्यांच्याकडे नोकरीला होतो त्या बाईंशी. ते खोटं इंजिनाबद्दल होतं याची लाज मला आजही वाटते.

पन्नास सालाच्या पुढची चार-सहा वर्षं मी मुळशीला धरणाच्या काठावरच्या एका बंगल्यात ड्रायव्हर होतो. बंगला मुंबईच्या एका कुटुंबाचा. मालक वारले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बाईसाहेब मुंबईचं घर पुतण्याच्या हवाली करून कायमच्या इकडे राहायला आल्या. वय साठीला टेकलेलं. अंगावर पांढरं सुती पातळ आणि पायांत कॅनव्हासचे बूट, अशा त्या सकाळी तळ्याकाठी तरातरा चालायच्या, तेव्हा आमच्या बायका पाण्याच्या घागरी खाली ठेवून बघत राहायच्या. गाडी होती लांबलचक, काळी, चार दारांची, दारांखाली पाय ठेवायला जुन्या पद्धतीची पायफळी असलेली. चढावर ती पाण्यातून उठणाऱ्या म्हशीसारखी कुरकुरायची, पण माझा तिच्यावर जीव होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाईसाहेब म्हणाल्या, "मला चालवायला शिकव."

मी म्हटलं, "तुमाला कशापायी? म्या हाय की."

"जन्मभर मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरांच्या मानगुटी बघितल्या. यांनी कधी चाकाला हात लावू दिला नाही. आता कोण अडवतंय?"

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की बुडालेली जुनी भातखाचरं उघडी पडतात. त्यातली दोन माझ्या आज्याची, पण तो विषय वेगळा. तिथल्या सपाटीवर मी त्यांना शिकवलं. त्या चाकावर बसायच्या आणि मी बाहेर पायफळीवर उभा राहून, खिडकीला धरून, सूचना ओरडायचो. आत येऊन बस म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, हितनं चाकं नीट दिसत्यात. धुरळा खाऊन माझा घसा बसला, पण महिनाभरात बाई अशा चालवू लागल्या की चरणाऱ्या म्हशी लांबूनच बांध चढायच्या. मी गावभर फुशारकी मारली. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

ते आलं पुढच्या वैशाखात. बाईसाहेबांनी जाहीर केलं की काळी गाडी विकायची आणि लहान, वेगवान गाडी घ्यायची, स्वतः चालवायला. मुंबईचा मोटारींचा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता. विलायतेला परत गेलेल्या साहेबलोकांच्या दोन गाड्या त्याच्याकडे होत्या. आठ दिवस चालवून बघा, आवडेल ती ठेवा, म्हणून त्याने दोन्ही पाठवून दिल्या.

बंगल्यासमोर त्या उभ्या राहिल्या तेव्हा आख्खी वाडी जमली. एक गडद निळी, बंद टपाची, पाठीमागे उतरती होत गेलेली. तिला कूपे म्हणतात असं आणणाऱ्या ड्रायव्हरने सांगितलं. दुसरी लालभडक, उघडी, कापडी हूड घडी करून मागे दुमडलेला. दोन्ही इतक्या बुटक्या की आमच्या माणसांना वाकून आत बघावं लागत होतं. माझ्या चुलत्याने लाल गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "टप मागनं येनार हाय का?"

"न्हाई. ती अशीच अस्ती."

"मुळशीत? आरं, हितं चार म्हैनं आभाळ फाटलेलं अस्तंय. म्हातारी भिजल की!"

काकाने ते फार मनाला लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतः बांधलेलं नवं इरलं घेऊन हजर झाला. भात लावताना पाऊस लागू नये म्हणून आमच्या बायका डोक्यापासून पाठीवर घेतात ते, कामट्यांच्या सांगाड्यावर पानं शिवलेलं. "बाईसायेब, टप मिळंस्तवर ह्ये घ्या," असं म्हणून त्याने ते त्यांच्या हातात दिलं. बाईसाहेबांनी तिथल्या तिथे ते पाठीवर घेतलं, लाल गाडीत जाऊन बसल्या आणि भोंगा वाजवला. लोक पोट धरधरून हसले. मलाही हसू आलं, पण मी तेवढ्या मोकळ्या मनाने हसलो नाही, कारण माझ्या तोंडचं पाणी तोवर पळालेलं होतं.

त्याचं झालं असं. गाड्या आल्या त्याच दिवशी बाईसाहेब मला म्हणाल्या होत्या, "पुतण्या म्हणतो बंद घ्या. मला उघडी बघितली की हसू फुटतं. आम्हा दोघांनाही काही कळत नाही. इथला रस्ता तुला पाठ आहे, इंजिन तुला कळतं. दोन्ही चालवून बघ. तू सांगशील ती ठेवीन."

केवढा मान! मी तरंगत घरी गेलो आणि जेवताना बायकोला दोन्ही गाड्यांचं रसभरीत वर्णन करून सांगितलं. निळीत दोन सीटा. लाल गाडीतही पुढे दोनच, पण तिच्या मागे वीतभर रुंदीचं एक बाकडं, बॅगा टाकायला. बायको भाकरी थापत ऐकत होती. तिचा हात थांबला.

"आनि बाईसायेब सोता चालवनार?"

"व्हय."

"मंग तुमी कुटं?"

दोन सीटा म्हणजे एक बाईसाहेबांची आणि एक पाहुण्यांची. ड्रायव्हरला गाडीत जागाच नाही, म्हणजे ड्रायव्हरच नको. घरात आई होती, पाळण्यात पोरगी होती, आणि बांधावरची चार रोपं सोडली तर जमीन सगळी पाण्याखाली.

"त्ये लाल गाडीतलं बाकडं," बायको म्हणाली, "त्येच्यावर मावाल का तुमी?"

सकाळी उजाडताच मी जाऊन बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला लागले, मान तिरकी झाली, पण मावलो. म्हटलं, हीच आपली जागा. आणि त्या घटकेपासून मी त्या निळ्या गाडीच्या वाईटावर उठलो.

ती गाडी काय होती म्हणून सांगू! मी एकटाच तिला पौडाकडे घेऊन गेलो होतो. दार लावलं की बाहेरचं जग बंद. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये हूं की चूं न करता वर गेली. ओढ्यातले गोटे गाडीच्या पोटाला लागतील म्हणून मी जपून हाकत होतो, पण अंगठ्याच्या अंतराने सुटली. आत धुळीचा कण नाही. इंजिन असं की उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि काही वेळ तसाच उभा राहिलो. परत येऊन मात्र बाईसाहेबांना सांगितलं, "इंजिन तापतंय. आत लई कोंडतं. चढाला दम न्हाई तिला."

"असं?" त्या म्हणाल्या. "आणि लाल?"

"लाल येक नंबर."

लाल गाडी खडबडीत रस्त्यावर भांड्यांच्या मांडणीसारखी वाजायची. हूडच्या कापडाला घडीवर चिरा होत्या, अर्धी बटणं गंजलेली. यातलं मी एक अक्षर बोललो नाही. कान लाल झाले होते, पण उन्हाळा होता, खपून गेलं. पाच दिवस रोज नवी खोड काढत होतो आणि संध्याकाळी गुपचूप त्या निळ्या गाडीचं बॉनेट पुसत होतो.

सहाव्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "चल, आज मी लाल गाडी पौडापर्यंत नेते. तुझी खात्री आहे ना, मग आज संध्याकाळी मुंबईला कळवून टाकू."

त्या चाकावर बसल्या, शेजारच्या सीटवर त्यांची पिशवी ठेवली. मी मागच्या बाकड्यावर स्वतःची घडी घातली. गाडी निघाली. बाई खुशीत होत्या, मोठ्याने गुणगुणत होत्या. पदर डोक्याभोवती बांधलेला. मी मागे गुडघे आवळून मनाशी म्हणत होतो, सुटलो बाबा.

पण मुळशीतला वैशाख म्हणजे राब भाजायचा महिना. भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर शेण, पाला, झाडांच्या वाळल्या फांद्या अंथरून पेटवून देतात. माझं सारं आयुष्य हे बघण्यात गेलं. काळ्या गाडीच्या काचा मी या दिवसांत न सांगता वर करायचो. त्या दिवशी माझ्या डोक्यात बाकड्याशिवाय दुसरं काही नव्हतं. वळण घेतलं तर दोन्ही बाजूंनी खाचरं धुमसत होती, आणि नेमका वारा फिरला.

धूर अंगावर आला आणि मागोमाग राख. गरम, काळी-पांढरी, सगळीकडून. "हूड ओढ, हूड!" बाईसाहेब ओरडल्या. हूड माझ्याच पाठीमागे घडी होऊन बसला होता आणि मी त्याच्यापुढे अडकलेला. पायांना मुंग्या आलेल्या. मी उठायला गेलो तो आडवा पडलो. बाईंना पुढचं दिसेना. गाडी रस्ता सोडून एका कोरड्या खाचरात उतरली, दोन ढेकळं फोडून थांबली आणि बंद पडली.

धूर पुढे सरकला. बाईसाहेबांनी मागे वळून बघितलं. नखशिखान्त राखेने माखलेल्या, फक्त डोळे तेवढे चमकत होते. मला बघून त्या खदखदून हसायला लागल्या. मीही काही वेगळा दिसत नसणार. पण हसता हसता त्यांना खोकला लागला आणि तो थांबेना. राब भाजणाऱ्या बाया पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. एकीने पाठ चोळली. बाई खोकत होत्या, एका हाताने चाक धरलेलं होतं, आणि मला स्वतःचा असा राग आला की तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारावी. एका बाकड्यापायी मी या बाईला धुरात घातलं होतं.

खोकला ओसरला, बाया तांब्या घेऊन परत गेल्या, तेव्हा मी हात जोडले. "बाईसायेब, निळी गाडी घ्या. तिच्यात काय बी खोट न्हाई. असं इंजिन म्या जल्मात बगितलं न्हाई. म्या खोटं बोललो."

"तापतं म्हणालास ते?"

"न्हाई तापत."

"कोंडतं?"

"न्हाई कोंडत. दम बी लई हाय."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "का रे असं केलंस?"

मी बाकड्याकडे बोट दाखवलं. "हिच्यात मला बसाया जागा हाय. तिच्यात न्हाई."

बाईसाहेब त्या वीतभर बाकड्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या मुडपलेल्या पायांकडे. त्यांना खरोखर काही उलगडत नव्हतं.

"तिच्यात दोन सीटा आहेत," त्या म्हणाल्या.

"व्हय. येक तुमची आनि येक पावन्यांची."

"कुठले पाहुणे? इतक्या दिवसांत कोण आलंय माझ्याकडे? अरे, मी चालवणार आणि शेजारी तू बसणार. ब्रेक कधी दाबायचा ते मला कोण सांगेल मग? मला वाटलं, हे तुला पहिल्या दिवशीच कळलं असेल."

खरं सांगतो, मला ते शिवलंसुद्धा नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही, काकालाही नाही. आम्ही घरात बसून सहा दिवस खल केला, बाकड्याची वीत मोजली, पण ती दुसरी सीट माझी असेल हे चार माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मालकाच्या शेजारी बसायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मी उतरून खाचरात उभा राहिलो आणि मला रडू आलं. राखेमुळे डोळे आधीच वाहत होते, त्यामुळे ते खपलं.

"नंतर बस रडत," बाईसाहेब म्हणाल्या. "आधी हा खटारा बाहेर काढ."

निळी गाडी राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिच्यातून निघालो. त्या चाकावर, मी शेजारी. मी दाराला इतका चिकटून बसलो होतो की त्यांनी विचारलं, दार नीट लागलं नाही का? एवढ्या दिवसांत गाडीतून जाताना मी त्यांना फक्त आरशात पाहिलं होतं. वाडीजवळच्या उतारावर त्यांनी वेग धरला, आणि मी सगळं विसरून ओरडलो, "ब्रेक! आगं ब्रेक दाब, म्हस हाय म्होरं!" ब्रेक लागला. म्हैस गेली. मी जीभ चावली. बाईसाहेब समोर बघत म्हणाल्या, "बरोबर. असंच ओरडत जा," आणि गिअर टाकला.

वाडीतली माणसं दारांत उभी होती. बायकोही कडेवर पोरीला घेऊन उंबऱ्यात होती. तिने गाडी पाहिली, मग आत मी कुठे बसलोय ते पाहिलं, आणि लगबगीने आत निघून गेली.

घरी पोचलो तर ती मोरीत बसून माझा दुसरा सदरा धूत होती. मी काही बोलायच्या आत, वर न बघता म्हणाली, "रोज धुतलेला घालून जावा आता. शेजारी बसायचंय."