डुकरांसाठीची बंदूक

राज्यघटनेतलं एक वाक्य सोयीपुरतं वाचून चुलतभावावर नेम धरायला माणसाला किती वेळ लागतो? आमच्या खोलीत एक शुक्रवार पुरला.

सौदीत जुबैलच्या कामगार कॅम्पात आम्ही तिघं राहतो: मी, साताऱ्याचा एक वेल्डर आणि गुहागरकडचे चाचा. चाचा परांची बांधतात. गावी त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. डुकरं-वानरं हाकायला कोकणात असा परवाना मिळतो आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. गेल्या सुट्टीत चाचांनी ती जमा केली आणि मतदानाआधीच ते इकडे परतले. परवाना त्यांचा, म्हणून सोडवायलाही तेच हवेत.

त्या शुक्रवारी चाचा कांदा परतत असताना त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"दादा, या खेपेला बंदूक सोडवाच. डुकरांनी बाग उकरलीय." मग आवाज उतरला. "आणि चुलत्याच्या पोरानं हद्दीचा दगडी गडगा हातभर आपल्यात सरकवलाय. बंदूक नुसती दिसली तरी गप बसेल."

"आणतो," चाचा म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. "चाचा, परवाना डुकरांसाठी आहे. भावासाठी नाही."

"अमेरिकेत बघ. हत्यार बाळगायचा हक्क घटनेतच दिलाय. मर्दांचा देश!"

"झालं! पत्रकवाल्याला चावी दिलीत," वेल्डर हसला. "आता भात करपणार."

माझे वडील कामगारांची पत्रकं वाटायचे. अक्षरं मी त्यांवरच शिकलो, त्यामुळे अर्धवट वाचणाऱ्याचा मला संताप येतो. मी ओरडलोच. "त्या वाक्याची सुरुवात वाचलीत? आधी शिस्तबद्ध लोकसेना येते, देशाच्या रक्षणासाठी. हक्क त्यानंतर येतो."

"पण तिथल्या कोर्टानं काय म्हटलं?" चाचांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क एकेका माणसाचा मानला, हे खरं आहे. मला ते पटत नाही. वाक्याचा पहिला भाग शोभेला लिहिला होता काय? आणि ती घटना आपली नाहीच. आपल्या घटनेनं हक्क दिलाय तो शांततेनं, शस्त्राविना एकत्र जमण्याचा.

"फोरमननं जेवणाची सुट्टी कापली तेव्हा कुठं होता तुमचा हक्क?" मी विचारलं. "तिथं मान खाली, आणि भावापुढं बंदूक?"

वेल्डरचं हसू थांबलं. चाचांनी गॅस बंद केला. "तुला जमीन नाही, म्हणून तुला तोंड आहे," एवढंच म्हणाले आणि न जेवता पडून राहिले.

हे मला झोंबलं, पण मी माघार घेतली नाही. गडगा सरकला असेल तर तो अन्यायच आहे. त्यासाठी सरकारी मोजणी आहे, पंच आहेत, कोर्ट आहे. भिंतीवर टांगलेली बंदूक नुसती दिसत नसते. एखाद्या संध्याकाळी ती खाली उतरते, आणि मग एक भाऊ मातीत जातो, दुसरा तुरुंगात.

परवा चाचा सुट्टीवर निघाले, तेव्हा दम्मामच्या विमानतळावरून त्यांचा फोन आला. "आधी मोजणी मागवतो. बंदुकीचं नंतर बघू."

त्या 'बघू'नं मला अजून झोप नाही. म्हणून कोकणातल्या वाचकांना सांगतो. तुमच्या घरची बंदूक ठाण्यात असेल आणि घरात जमिनीचा वाद पेटलेला असेल, तर ती सोडवू नका. आजच मोजणीचा अर्ज द्या, आणि परदेशातल्या परवानाधारकाला फोन करून तसं सांगा.