आजींच्या खांद्यावरचा ब्रोच

रास अल खैमाला नवीन होतो तेव्हा मी घरी ब्लाऊज शिवायचे. खालच्या मजल्यावर एक इंग्रज आजी राहायच्या. त्यांचा मुलगा सिरॅमिकच्या कारखान्यात मोठा साहेब. एकदा स्कर्टची शिलाई उसवली म्हणून आजी वर आल्या आणि माझ्याकडे बघून हसायलाच लागल्या. मी पदराला खांद्यावर सेफ्टीपिन लावली होती. "थांब," म्हणाल्या, खाली गेल्या आणि रुमालात काहीतरी बांधून घेऊन आल्या.

सोन्याचा गोल ब्रोच होता. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा. लाल खड्यांची बारीक बारीक घरं, दोन खडे पडलेले, मागची पिन वाकडी. खरं सांगू? मला काही विशेष वाटला नाही. आमच्याकडे असला दागिना कधीच सोनाराच्या दारात गेला असता. पण आजी म्हणाल्या, हा तेराशे वर्षांपूर्वीचा आहे, त्यांच्या पणजोबांच्या शेतात सापडलेला. त्या काळी तिकडच्या बायका शालीसारखं वस्त्र अंगावर घ्यायच्या आणि खांद्यावर असा ब्रोच अडकवायच्या. त्यावरून बाई कुठल्या घरची, केवढ्या मानाची ते कळायचं. ती गेली की पुष्कळदा ब्रोचही तिच्याबरोबर पुरायचे.

"म्हणजे आमचं मंगळसूत्रच की!" मी म्हटलं.

"नाही," आजी म्हणाल्या. "ते नवरा बायकोच्या गळ्यात घालतो. आमच्या घरात हा आईकडून लेकीकडे जातो."

मग त्यांनी तो माझ्या पदराला लावला आणि मला आरशासमोर उभं केलं. मी आपोआप ताठ झाले.

दोनेक वर्षांनी आजी ऑपरेशनसाठी लंडनला निघाल्या. आदल्या संध्याकाळी ब्रोच घेऊन वर आल्या. त्यांना मुलगी नव्हती, पण कॉलेजात शिकणारी नात होती. "ती येईल तेव्हा तिच्याच हातात दे. मुलाकडे ठेवला तर तो विकून टाकील. तू नाही टाकणार." माझा नवरा समोरच बसला होता. "डोन्ट वरी मॅडम," म्हणाला, "अवर फॅमिली इज युवर फॅमिली." छातीवर हात ठेवून, बरं का! मी ब्रोच रुमालासकट लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला.

आजी परत आल्या नाहीत. तिकडेच गेल्या. मुलाचीही मस्कतला बदली झाली.

त्याच वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं दुबईच्या सोन्याच्या बाजारातून दोन बांगड्या आणल्या. मी हरखूनच गेले. कधी साधा गजरा न आणणारा माणूस! "मम्मी, सो प्रिटी!" लेक म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींना मी दोन्ही हात पुढे करून दाखवल्या. पीठ मळताना, मशीनवर बसताना, कधी म्हणून काढल्या नाहीत.

मग एका गुरुवारी नातीचा फोन आला. दुबईला आलेय, उद्या तुमच्याकडे येते. मी कपाट उघडलं. शालूच्या घडीत रुमाल होता. रुमालात काही नव्हतं.

सगळं घर उलथंपालथं केलं. नवरा टीव्हीवर शारजाची मॅच बघत होता. "अहो, आजींचा ब्रोच!" त्यानं मान न वळवता माझ्या मनगटाकडे बोट केलं. "आहे की. घालून फिरतेस की गावभर."

क्षणभर मला समजलंच नाही. समजलं तेव्हा अंगाचा नुसता भडका उडाला. "मोडलात? दुसऱ्याची ठेव मोडलीत?"

"म्हातारी गेली. वाकडी पिन, पडके खडे, कोण घालणार होतं? जुनं मोडून नवं करतातच की सगळे. आणि स्वतःसाठी केलं का? तुझ्यासाठीच केलं ना?"

खड्यांचं विचारलं, तर म्हणाला सोनारानं उचकटून फेकले, वजनात धरत नाहीत. तेराशे वर्षं आधी मातीनं आणि मग बायकांनी सांभाळलेली वस्तू, ह्या माणसाला एक वर्ष धीर निघाला नाही. माझ्यासाठी म्हणे! मी दिलेला शब्द भट्टीत घालून माझ्याच हातात चढवला मेल्यानं, आणि मी हसत हसत मिरवला.

शुक्रवारी नात आली. डोळे अगदी आजींचे. "चोरीला गेला म्हणून सांग, खलास," असं नवऱ्यानं बजावलं होतं. मी बांगड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बांगड्यांना हातही लावला नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे ठेवला म्हणून डॅडी ग्रॅनीशी शेवटपर्यंत बोलले नाहीत."

बांगड्या मी पुन्हा घातल्या नाहीत. पुढे माझी आई वारली आणि तिची ठुशी माझ्याकडे आली. ती डबीत घालून मी भाभींकडे गेले. "लेक मोठी झाली की तिच्याच हातात द्या."

"अगो, स्वतःच्या घरात का नाय ठेवत?"

"घरात मोडली जाईल," मी म्हटलं.

भाभींनी डबी ओढणीत घेतली. त्यांचा नवरा त्या दिवशी अबू धाबीला गेला होता. ते मी वर जायच्या आधीच विचारून घेतलं होतं.