पिवळ्यावर पिवळं

बारा एप्रिल. आजचं काम : मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर टाईप करून पाचच्या आत छपाईला देणं. साधं काम होतं. ते मी करायला घेतलं.

शेजारच्या खुर्चीत माझे थोरले दीर बसले होते, उदगीरहून खास देखरेखीला आलेले. रुसवा हा आमच्या सासरचा पिढीजात धंदा. (मागच्या लग्नात पापड उशिरा वाढला म्हणून भाऊजी मांडवातून उठून गेले. नवरदेव त्यांचाच मुलगा होता!) तेव्हा मला सांभाळायचं होतं ते एवढंच : पत्रिका वेळेत जावी आणि पत्रिकेतलं कुणी रुसू नये.

मी पहिली ओळ टाईप केली.

"काळ्या अक्षरांत?" भाऊजी ओरडले. "लग्नाची पत्रिका हाय का तेराव्याची?"

"छापताना लाल होईल की, भाऊजी."

"न्हाई! आत्तापासूनच काळं नको."

शहाण्या माणसाने अशा वेळी ती ओळ निवडून तेवढीच लाल करावी. मी थेट सेटिंगमध्ये शिरले आणि अख्ख्या कॉम्प्युटरच्या अक्षरांचा रंग बदलला. मेनू लाल, तारीख लाल, कचऱ्याच्या डब्याखालचं नावसुद्धा कुंकवासारखं लाल!

"लई भडक. मागं हळदीचा पिवळा टाक."

टाकला.

"आता अक्षरंबी पिवळी करून बघ."

केली. (होय, केली! थोरल्या दिरांना उलट बोलायचं नाही, हा घरचा शिरस्ता.)

पडद्याला हळद फासल्यासारखं झालं. अक्षर म्हणून एक दिसेना. रंग परत बदलावा, तर त्या बटणांवरची नावंही पिवळ्यावर पिवळी!

"कीबोर्ड बिघडला असंल. जोरात दाब."

दाबला.

"पडदा पूस."

पुसला. हे तासभर चाललं. तोंड उघडायची सोय नव्हती. पण बोटं मोकळी होती आणि काही उमटत तर नव्हतंच! मग भाऊजींच्या एकेका सल्ल्याला मी सविस्तर उत्तर टाईप करत गेले. इतकं हलकं मला लग्नानंतर प्रथमच वाटलं.

चार वाजता लॅपटॉप उचलून आम्ही लातुरातल्याच रजियाभाभींच्या छापखान्यात गेलो. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा छापखाना. पत्रिकांचे सगळे प्रकार बघून झालेल्या भाभी. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय करून ठेवलं हे, बाई? रंग तेवढा एक झालाय. अक्षरं हायत की सगळी."

"सगळी?"

"हाव, सगळी."

"राहू द्या भाभी, मी घरीच..."

त्यांनी तीन बटणं एकदम दाबली. पडदा पांढराशुभ्र, अक्षरं काळीभोर!

भाऊजींनी चष्मा चढवला आणि मंगलाष्टकाच्या सुरात वाचायला सुरुवात केली. "आमच्या ज्येष्ठ कन्येचा शुभविवाह... ह्या माणसाला कळतं तरी काय... तिसरा चहा ढोसला, आता तरी गप्प बसेल का... ह्याच्या बायकोला दंडवत..."

भाभींनी उगाचच शाईचा डबा उघडून आत बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी शोधू लागले.

"हे कुणाबद्दल लिवलंस?"

 भाऊजींचा चेहरा हळूहळू उजळला.

"नांदेडच्या धाकट्याबद्दल! अगदी बराबर! मीबी हेच सांगून राहिलो कवापासून!"

"भाऊजी, तसं नाही..."

"भितीस कशाला? मी हाय की पाठीशी!"

आणि मी हात धरायच्या आत त्यांनी पडद्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'धाकट्यासाठी. तुझ्या वहिनीच्या मनातलं.'

धाकटे भाऊजी म्हणजे सासरचा एकमेव अबोल माणूस. त्यांच्याविरुद्ध लिहायला माझ्याकडे सामानच नव्हतं! दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं : 'पत्रिकेतून माझं नाव काढा. मी येणार नाही.'

"छापू का, बाई?" माझी उत्तरं पुसून पत्रिका पुरी टाईप करून घेतल्यावर भाभींनी विचारलं.

"उद्यापर्यंत थांबा."

"उद्या बारापर्यंत. मग मशीन रिकामं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने मी नांदेड गाठलं. धाकट्या भाऊजींच्या दारात उभ्या उभ्याच खरं काय ते सांगून टाकलं : ते सगळं थोरल्यांबद्दल होतं. ते आधी बघतच राहिले, मग पायरीवर बसून पोट धरून हसले. नाव राहू द्यायलाही कबूल झाले. अट एकच.

"वहिनी, हे मला तेवढं लिहून द्या."

भाभींना 'छापा' म्हणून फोन केला, आणि दिलं लिहून. ठळक अक्षरांत, थोरल्यांच्या पूर्ण नावासकट, खाली माझी सही करून!