पहिल्या पानावरचा फोटो

मामांच्या हैदराबादेतल्या, गौलीगुड्यातल्या पितळी भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी होत चालले होते. परदेशातून मागणी यावी म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. ती करणारा माणूस मी हिमायतनगरच्या नेट कॅफेत एकदाच पाहिला. बोलण्याआधी तो चष्मा पुसायचा. मामांच्या हट्टाखातर त्याने पहिल्या पानावर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो टाकला आणि पान मामांनाच उघडायला लावले. टेलिफोनच्या लाइनवर चालणाऱ्या तेव्हाच्या इंटरनेटवर फोटो कपाळापासून हळूहळू उतरू लागला. मिशीपर्यंत आला तेव्हा मामा चहाला उठले.

त्याने चष्मा पुसला. "सेठ, बाप के वास्ते तुमीच नै रुके. गिराक कायकू रुकेंगा?"

मामा परत बसले.

"बर्तन उपर लेव. बाबा को आखिर में रखो," ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दुकानातही ते मागेच बसायचे."