चित्त्यासमोर मोरया

"मॅडम, मोरया म्हणजे काय?"

फोन डॅनियलचा होता, केनियातून. मागे वारा होता आणि कुणीतरी चढ्या आवाजात इंग्रजीतून भांडत होतं. मी इकडे आखातात, देऱ्यातल्या ऑफिसात एका हनिमून कपलचं तिकीट बदलत बसले होते.

"का?" मी विचारलं.

"रेंजर विचारतोय. त्याला रिपोर्टमध्ये लिहायचंय."

मी म्हटलं, "देवाचं नाव आहे. प्रवास नीट व्हावा म्हणून आमच्याकडे निघताना घेतात."

त्याने ते पलीकडे सांगितलं. मग परत फोनवर आला. "रेंजर म्हणतो, कारण चांगलं आहे. पण चित्त्याला आधी सांगायला हवं होतं."

मी एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत ऑपरेशन्स बघते. सेल्सवाले क्लायंटला जे जे कबूल करतात, ते प्रत्यक्षात घडवून आणायचं, असं हे काम. आफ्रिकेतल्या सफारी हा आमचा मुख्य माल. मसाई माराचे सिंह, हत्ती, पाणघोडे मी रोज विकते. स्वतः पाहिलेला सिंह म्हणाल तर शाळेच्या पिकनिकला, झूमध्ये, तोही पाठमोरा. क्लायंटना हे मी सांगत नाही आणि ते विचारत नाहीत.

डॅनियल आमचा तिथला ड्रायव्हर-गाइड. गाडीही तोच चालवतो, प्राणीही तोच शोधतो. ईदच्या सुट्टीत आमचा एक मराठी ग्रुप त्याच्या गाडीत होता. शारजातली तीन कुटुंबं, उघडणाऱ्या छपराची एक लँड क्रूझर. ग्रुपचे प्रमुख पोतनीस काका, हमरिया फ्री झोनमधल्या एका केबल फॅक्टरीत सेफ्टी मॅनेजर. माझ्या बाबांचे मित्र. गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवरून माझं नाव पुकारायचे आणि मी चपला हातात घेऊन पार्किंगपर्यंत पळायचे, ते हेच काका.

झालं होतं ते असं. सकाळच्या गेम ड्राइव्हला, म्हणजे गाडीतून प्राणी बघायच्या फेरीला, त्यांना एक मादी चित्ता दिसली. सोबत पिल्लं. समोर हरणांचा कळप. ती गवतात दबून सरकत होती. चार-पाच गाड्या श्वास रोखून उभ्या होत्या. आमचे लोकही शांत होते, हे डॅनियलने मुद्दाम सांगितलं. मग उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून गाडी जरा पुढे घ्यावी, असं त्याला वाटलं. त्याने हळूच इंजिन सुरू केलं.

आणि इंजिन सुरू झालं म्हटल्यावर काका म्हणाले, "गणपती बाप्पाऽऽ!"

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सगळ्या गाडीने ते पूर्ण केलं. काकांनी वर टाळ्याही वाजवल्या.

हरणं गेली. चित्ता गेली. शेजारच्या गाडीत छत्रीएवढी लेन्स लावून बसलेला एक युरोपियन फोटोग्राफर होता. तो मात्र गेला नाही. त्याने रेंजरला बोलावलं.

"मॅडम," डॅनियल आवाज खाली आणून म्हणाला, "आज वॉर्निंग दिली आहे. परत तक्रार आली तर गाडी पार्कबाहेर आणि माझं गाइडचं कार्ड सस्पेंड. सीझन आत्ताच सुरू झालाय. कार्ड गेलं तर मी घरी बसेन. तुम्ही तुमच्या लोकांना सांगा. मी पाहुण्यांना गप्प बसा कसं म्हणू?"

मी फोन ठेवला आणि पाटकर सरांच्या केबिनमध्ये गेले. पाटकर सर कंपनीचे मालक. देऱ्यात इतकी वर्षं काढलीत की जे करायचं नाही त्याला ते इन्शाल्ला म्हणतात आणि जे दुसऱ्याने करायचं त्याला यल्ला, म्हणजे चला, लागा कामाला.

"सर, तुम्ही काकांशी बोलता का?"

"मी? क्लायंटला गप्प बसा म्हणू? पुढच्या ईदला तो माणूस मोठा ग्रुप आणणार आहे, केतकी."

"मग डॅनियलला काय सांगू?"

"सांग, बघतो. इन्शाल्ला."

"सर, त्याचं कार्ड जाईल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना राग येता कामा नये आणि आवाजही येता कामा नये. तू सांग. तुझ्या ओळखीचे आहेत. यल्ला."

ओळख हीच तर अडचण होती. अनोळखी माणसाला मी ईमेल लिहू शकते. काकांना 'काका, ओरडू नका' कसं म्हणायचं, हे मला शाळेने शिकवलं नाही आणि घराने शिकवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मला जमतं ते मी केलं. ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकला: काइंडली मेंटेन सायलेन्स ड्युरिंग गेम ड्राइव्ह्ज. शेवटी एक हत्ती टाकला, म्हणजे फार कडक वाटायला नको.

चार अंगठे आले. दोन नमस्कार आले. एका मावशींनी गुलाबाचं फूल पाठवलं. काकांनी लिहिलं, "नोटेड विथ थँक्स." मी समाधानाने डबा उघडला.

दुपारच्या फेरीनंतर डॅनियलचा परत फोन.

"मॅडम, तुमचा मेसेज पोचला. आता ते ओरडत नाहीत."

"छान!"

"आता ते कुजबुजतात. सगळे एकदम. दर वेळी गाडी सुरू केली की. मोठा साप फुसफुसल्यासारखं वाटतं. मघाशी हत्तीने दोन्ही कान पसरून आमच्याकडे पाहिलं. मी गाडी मागे घेतली, तर रिव्हर्सलाही म्हणाले."

"रेंजर होता?"

"नव्हता. उद्या असेल. उद्या आम्ही पुन्हा त्या चित्त्याकडे जाणार आहोत. तिची शिकार गेली ना सकाळी. तिने कालपासून काही खाल्लेलं नाही. पिल्लंही भुकेली आहेत."

आता फोन करण्यावाचून मार्ग नव्हता. मी पॅन्ट्रीत गेले, दार लावलं आणि चहाच्या मशीनकडे तोंड करून काकांना फोन लावला.

"बोल गं केतकी! सिंह बघितला. झोपलेला होता, पण बघितला."

"काका, ते… सकाळचं."

"चित्त्याचं ना? अगं, ती आधीच निघाली होती."

मला पुढे काय बोलावं ते सुचेना. मी गप्प राहिले.

"म्हणजे, निघायच्या बेतात होती."

मी गप्पच.

"आणि देवाचं नाव घेतल्याने कुणाचं काय बिघडतं? मी शारजाहून हमरियाला रोज जातो. रोज घेतो. आजवर गाडीला साधा ओरखडा नाही."

माझ्या बाबतीत हे नेहमी होतं. मला शब्द सापडत नसतात आणि समोरच्याला वाटतं, हिला पटलेलं नाहीये. या धंद्यात त्याचा बराच फायदा होतो. काकांचा आवाज उतरला.

"बरं, बोल. काही सीरियस आहे का?"

"काका, डॅनियलचं कार्ड सस्पेंड होईल. पुन्हा तक्रार आली की. मग त्याला पार्कमध्ये गाडी आणता येणार नाही. सगळा सीझन घरी बसावं लागेल."

 

"आमच्याकडे फोर्कलिफ्टवाल्यांची कार्डं मीच सस्पेंड करतो," काका म्हणाले. "कार्ड माझ्या हातात परत देताना त्या माणसाचं तोंड कसं होतं, मला ठाऊक आहे. अगं, मग हे आधी नाही का लिहायचं? ते काय, काइंडली मेंटेन! तसले मेसेज मी फॅक्टरीत रोज पाठवतो. कोण वाचतं?"

"तुम्ही नोटेड लिहिलंत ना काका."

"माझ्या मेसेजलाही सगळे नोटेडच लिहितात."

फोन स्पीकरवर असणार, कारण आता काकू बोलल्या. "केतकी, त्या चित्त्याच्या पिल्लांचं काय झालं गं मग?"

"काकू, डॅनियल म्हणाला, कालपासून उपाशी आहेत."

"अगंबाई! ऐकलंत? ती लेकुरवाळी भुकेली फिरतेय आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"तूही म्हणालीसच की मोरया!"

"तुम्ही बाप्पा म्हटल्यावर मी काय करणार? अर्धवट ठेवू?"

खरी अडचण ही होती. कुणी ठरवून ओरडत नव्हतंच. काका म्हणाले, "गाडी सुरू झाली की ते तोंडातून येतंच. थांबवलं तर दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहणार. आणि जंगलातच नाही घ्यायचं नाव? इथे तर जास्त गरज आहे."

माझा जन्म इथला. आमच्याकडे लहानपणापासून सगळ्या मोठ्या गोष्टी व्हिसावरून ठरतात. आजी कधी येणार, किती राहणार, परत कधी जाणार, सगळं. त्यामुळेच असेल, पण मला एकदम सुचलं.

"काका, सकाळी कॅम्पमधून निघताना म्हणा. तिथेच, गेटपाशी. हवं तेवढं जोरात."

"आणि मग दिवसभरात गाडी पन्नासदा बंद-चालू होते, त्याचं?"

"ते सकाळच्यातच आलं. मल्टिपल एंट्री."

"म्हणजे एकदा स्टॅम्प, मग कितीही वेळा आत-बाहेर?"

"हो."

"व्हॅलिडिटी?"

"सूर्य मावळेपर्यंत. पार्क तेव्हाच बंद होतं."

"बरोबर आहे," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात फॅक्टरी आली. "आमच्या वर्क पर्मिटसारखं. सकाळी सही झाली की शिफ्टभर चालतं. मी सकाळी सगळ्यांना ब्रीफ करतो. तू काळजी करू नकोस."

"चालेल ना पण देवाला?" काकूंनी विचारलं.

"न चालायला काय झालं? त्याच्याकडे सगळ्यांचंच रेकॉर्ड आहे."

मी डॅनियलला कळवलं. सकाळी कॅम्पच्या गेटपाशी गाडी थांबव, मोठा आवाज होईल, घाबरू नकोस. आणि इंजिन सुरू करायच्या आधी काकांना हाताने खूण कर, ते बाकीच्यांना आवरतील. शेजारच्या तंबूंतले पाहुणे उठतील, त्याचं मात्र मला टेन्शन होतं. तो हसला. "मॅडम, इथे पहाटे पाणघोडे ओरडतात. एवढ्याने कुणी उठणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात लवकर पोचले. कामं होती, पण माझं लक्ष फोनकडे होतं. पाटकर सर दोनदा माझ्या टेबलापाशी आले, दोन्ही वेळा स्टेपलर शोधायला. त्यांच्याकडे स्टेपलर आहे.

मग काकूंचा व्हिडिओ आला. आमच्या क्लायंटच्या सफारी व्हिडिओंत प्राणी कमी आणि "अरे तिकडे, तिकडे, डावीकडे बघ!" जास्त असतं. या व्हिडिओत पहिल्यांदा मला गवताचा आवाज ऐकू आला. कोपऱ्यात काकांचा हात दिसत होता, तळवा पुढे केलेला, फॅक्टरीत क्रेन थांबवतात तसा. कुणाच्या तरी हातात अर्धी चकली होती. ती तोंडापर्यंत गेली नव्हती.

चित्ता निघाली. एवढी लांबडी, हाडकुळी वाटणारी ती एका क्षणात नुसती रेघ झाली. धूळ उडाली. कॅमेरा हलला, खाली गेला, कुणाचे तरी गुडघे दिसले, परत वर आला. ती हरणाचा गळा धरून बसली होती आणि पिल्लं गवतातून धडपडत तिच्याकडे निघाली होती.

त्यावर काकूंचा आवाज, अगदी हळू: "जेवली गं बाई."

काकू कट्टर शाकाहारी आहेत. त्यांच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही.

मग काकांच्या हातासमोर डॅनियलचा हात आला, खूण झाली आणि इंजिन सुरू झालं. मी खुर्चीच्या कडेवर. गाडीत कुणीतरी "ग" म्हणालं. नुसतं "ग". तळवा गर्रकन त्या दिशेला वळला. पुढे काही आलं नाही. गाडी निघाली.

मागे उभे असलेले पाटकर सर म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं ना, होईल."

संध्याकाळी डॅनियलचा फोन आला. रेंजर सबंध वेळ तिथेच होता, काही बोलला नाही. कार्ड खिशात आहे. फोटोग्राफरने निघताना काकांशी हात मिळवला आणि काकांनी त्याला चकली दिली.

ग्रुप परतल्यावर काकांनी ऑफिसात फोन करून तीन तक्रारी नोंदवल्या: बिबट्या दिसला नाही, डाळ पातळ होती आणि छपरातून ऊन लागतं. शांततेबद्दल काही बोलले नाहीत. पुढच्या ईदचं बुकिंग मात्र केलं.

आता मराठी ग्रुपचं ब्रीफिंग मला घ्यावं लागतं. लोकांसमोर उभं राहून, तोंडी, मराठीत. ऑफिसात याला प्रमोशन म्हणतात. मला शब्द अजूनही पटकन सापडत नाहीत, म्हणून मी थोडक्यात आटोपते. गप्प कुठे बसायचं ते मी सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही. मी फक्त ओरडायचं कुठे ते सांगते. मग लोक त्या जागेची वाट बघतात आणि वाट बघताना माणूस बऱ्यापैकी शांत असतो.